आधी उलगडणं, मग वाचणं

पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारं चिलट घराघरांत ओळखीचं आहे. त्यातल्याच एका फळमाशीचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगास्टर. तिची अळी कोशात जाण्याआधी अन्नातून बाहेर पडते आणि कोरड्या जागेकडे सरपटू लागते. त्या वेळी तिच्या लाळग्रंथी काढून, रंगवून, दोन काचांमध्ये हलकेच दाबल्या, तर साध्या सूक्ष्मदर्शकातूनही काम चालू असलेली गुणसूत्रं दिसतात. हे भाग्य जीवशास्त्रात फार थोड्या ठिकाणी लाभतं. एरवी गुणसूत्रं नजरेस पडतात ती पेशी विभागत असताना, आणि तेव्हा ती घट्ट गुंडाळलेली असतात. जनुकं वाचण्याचं काम जवळजवळ थांबलेलं असतं. विभाजन संपून काम सुरू झालं की त्यांचे धागे इतके विरळ होऊन केंद्रकभर पसरतात की साध्या सूक्ष्मदर्शकाच्या हाती काही लागत नाही. लाळग्रंथीत मात्र पेशी विभागत नाहीत, नुसत्या वाढतात. डीएनए एकदा दुप्पट होतो, मग पुन्हा, असा साधारण दहा वेळा. आणि दर वेळी तयार झालेल्या प्रती एकमेकींपासून दूर न जाता शेजारी शेजारी, अक्षराला अक्षर लावून पडून राहतात. एकाच्या 1024 प्रती होतात. शिवाय या माशीत आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं गुणसूत्र एरवीही जोडीनं राहतं, म्हणून एका जुडीत दोन हजारांच्या आसपास धागे येतात. विभाजनाच्या वेळच्या गुणसूत्रापेक्षा ही जुडी शंभर पटींहून अधिक लांब असते.

धागा जिथे दाट गुंडाळलेला असतो तिथे हजारो दाट जागा एका रेषेत येऊन गडद पट्टा दिसतो. जिथे तो सैल असतो तिथे फिकट आंतरपट्टा. फ्रेंच संशोधक एदुआर बाल्बियानी यांनी हे पट्टे 1881 मध्ये कायरोनोमस या न चावणाऱ्या, डासासारख्या कीटकाच्या अळीत पाहिले होते. पण ही गुणसूत्रं आहेत हे ओळखायला 1933 उजाडावं लागलं. त्या वर्षी जर्मनीत एमिल हाइट्झ आणि हान्स बाउअर यांनी, आणि टेक्सासमध्ये थिओफिलस पेंटर यांनी, ती महाकाय गुणसूत्रं म्हणून जगासमोर ठेवली. लगेच 1935 मध्ये कॅल्विन ब्रिजेस यांनी संपूर्ण नकाशा काढला: सगळ्या गुणसूत्रांचे मिळून 102 विभाग, प्रत्येकाचे सहा उपविभाग, आणि पुढच्या सुधारित आवृत्त्यांत सुमारे पाच हजार पट्टे. हाताने काढलेला हा नकाशा आजही वापरात आहे. डीएनएचा संपूर्ण क्रम संगणकावर असतानाही माशीवर काम करणारे लोक जनुकाचा पत्ता ‘87ए’, ‘93डी’ असाच सांगतात.

पट्टे दिसले की मोह होणारच की एक पट्टा म्हणजे एक जनुक. हा मोह बराच काळ टिकला, आणि 1972 मध्ये एक्स गुणसूत्राच्या एका लहान तुकड्यातली जनुकं मोजली तेव्हा आकडे पट्ट्यांच्या संख्येशी बऱ्यापैकी जुळलेही. पण 2000 साली या माशीचा जीनोम वाचून झाला आणि त्यात सुमारे 13,600 जनुकं निघाली. पट्ट्यांच्या अडीच पटींहून जास्त. समीकरण मोडलं. ते मोडणं माझ्या मते फार उपकारक ठरलं, कारण त्यामुळे पट्टा म्हणजे काय हा प्रश्न नव्याने विचारावा लागला. पट्टा जनुकांची मोजदाद दाखवत नसेल, तर तो दाखवतो ते धाग्याच्या घडणीचं रूप: डीएनए कुठे दाबून ठेवला आहे आणि कुठे मोकळा सोडला आहे. मग या दाबण्या-सोडण्याचा जनुकांच्या कामाशी काय संबंध? या लेखाचा सगळा रोख त्या प्रश्नावर आहे.

आधी धाग्याविषयी थोडं. डीएनए केंद्रकात कधीच उघडा पडलेला नसतो. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती त्याच्या सुमारे 147 अक्षरांचे पावणेदोन वेढे पडतात; त्या एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात, आणि अशा असंख्य एककांच्या माळेला, तिच्यावर बसलेल्या इतर प्रथिनांसह, क्रोमॅटिन. जनुक वाचायचं म्हणजे आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमनं डीएनएच्या बाजूने सरकत जाऊन त्या मजकुराची आरएनएच्या रूपात प्रत काढायची. याला प्रतिलेखन म्हणतात. वाटेत दर दोनशे अक्षरांगणिक एक न्यूक्लिओसोम आडवा असेल तर हे सरकणं सोपं नाही, हे उघड आहे. घडी घातलेलं पत्र वाचायचं तर ते उलगडावं लागतंच; पण उलगडायचं काम वाचणाराच वाचता वाचता करतो, की त्याआधी दुसरं कोणी ते उलगडून ठेवतं, हे पत्राकडे पाहून कळत नाही. महाकाय गुणसूत्रांवर मात्र हे उलगडणं डोळ्यांना दिसतं, आणि म्हणून या प्रश्नाची तड लावायला त्यांच्याइतकी चांगली जागा नाही.

काही जागी गुणसूत्राचा पट्टा विसविशीत होऊन दोन्ही बाजूंना फुगतो. या फुगवट्याला पफ म्हणतात. कायरोनोमसमधले सर्वांत मोठे पफ बाल्बियानींच्या नावाने, बाल्बियानी वलयं म्हणून, ओळखले जातात. जर्मन संशोधक वोल्फगांग बेअरमान यांनी 1952 मध्ये दाखवलं की एकाच अळीच्या वेगवेगळ्या अवयवांत पट्ट्यांची मांडणी तीच राहते, पण पफ वेगवेगळ्या जागी असतात. म्हणजे पफ गुणसूत्राच्या ठेवणीतला नसून पेशीच्या कामातला आहे. पुढे 1961 मध्ये त्यांनी त्याहून मार्मिक पुरावा दिला. कायरोनोमसच्या एका जातीत लाळग्रंथीच्या मोजक्या पेशी दाणेदार स्राव तयार करतात, दुसऱ्या जातीत तो स्वच्छ असतो. दाणेदार स्रावाला कारण असलेलं जनुक गुणसूत्राच्या ज्या टोकाला सापडलं, नेमकं तिथेच, आणि फक्त त्याच पेशींत, एक बाल्बियानी वलय होतं. दोन्ही जातींच्या संकरात ते वलय जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर फुललं: दाणेदार स्रावाच्या जातीकडून आलेल्या. जनुक आणि त्याचा दिसणारा फुगवटा यांची इतकी सरळ जुळणी तोवर कोणी दाखवली नव्हती. याच काळात क्लाउस पेलिंग यांनी किरणोत्सारी युरिडिन देऊन पफच्या जागी नवा आरएनए तयार होताना टिपला. पफ म्हणजे जोरात चाललेलं प्रतिलेखन, हे तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत गेलं.

संप्रेरकांचा अध्यायही इथेच उघडला. आडोल्फ बुटेनान्ट आणि पेटर कार्लसन यांनी 1954 मध्ये रेशीमकिड्याच्या 500 किलो कोशांमधून अवघं 25 मिलिग्रॅम एकडायसोन वेगळं काढलं होतं. कीटकाची कात आणि कायापालट घडवून आणणारं हे संप्रेरक. उलरिश क्लेव्हर आणि कार्लसन यांनी 1960 मध्ये ते कायरोनोमसच्या अळ्यांना टोचलं, आणि तासाभराच्या आत ठरावीक जागी पफ उठले. संप्रेरक थेट जनुकांपर्यंत पोचतं, हे डोळ्यांनी दिसण्याची ती पहिली वेळ होती. मायकेल अॅशबर्नर यांनी सत्तरच्या दशकात ड्रोसोफिलाच्या लाळग्रंथी काढून, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून, त्यांना एकडायसोन दिलं आणि पफांचा क्रम लावला: आधी मोजके लवकरचे पफ, मग काही तासांनी शंभराहून अधिक उशिराचे. प्रथिनं तयार होणं औषधाने बंद केलं तर लवकरचे पफ उठत, पण ते मावळत नसत आणि उशिराचे उठत नसत. यावरून अॅशबर्नरांनी अनुमान काढलं की लवकरच्या जनुकांतून तयार होणारी प्रथिनंच पुढच्या जनुकांना जागं करतात आणि स्वतःच्या जनुकांना शांत करतात. पुढे ती जनुकं हाती आली तेव्हा 74 आणि 75 विभागांतल्या लवकरच्या पफांमध्ये खरोखरच इतर जनुकांचं नियमन करणाऱ्या प्रथिनांची जनुकं निघाली. केवळ फुगवटे उठण्या-मावळण्याची वेळ टिपून केलेलं हे अनुमान इतकं अचूक निघावं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पण या सगळ्यातून पफ आणि प्रतिलेखन बरोबर असतात एवढंच सिद्ध होतं. कोण आधी, हे नाही. सोपं उत्तर असं की पॉलिमरेज धावू लागली, आरएनए आणि त्याला चिकटलेल्या प्रथिनांचा ढीग साचला, त्यामुळे जागा फुगली. फुगणं हे कामाचं उप-फळ. माझं म्हणणं याच्या उलट आहे. क्रोमॅटिन सैल करणं ही पेशीची स्वतंत्र, वेगळी नियंत्रित होणारी कृती आहे. ती वाचण्याआधी सुरू होते, वाचण्याशिवायही घडू शकते, आणि ती रोखली तर वाचणंही अडखळतं. याचा सगळ्यात भक्कम पुरावा उष्णतेच्या पफांमधून येतो.

इटलीतल्या फेरुच्चो रितोस्सा यांच्या प्रयोगशाळेत कोणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं. त्यातल्या माश्यांच्या गुणसूत्रांवर नेहमीचे पफ नव्हते, भलतेच होते. रितोस्सांनी तापमान मुद्दाम वाढवून पाहिलं, डायनायट्रोफेनॉल हे पेशीची ऊर्जा तोडणारं रसायन देऊन पाहिलं. दोन्ही वेळा तेच पफ. एका नामांकित नियतकालिकाने या निरीक्षणाला जीवशास्त्रीय महत्त्व नाही म्हणून ते परत पाठवलं आणि 1962 मध्ये ते दुसरीकडे छापून आलं. आल्फ्रेड टिसिएर्स आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये त्या पफांतून तयार होणारी प्रथिनं वेगळी ओळखली. आज आपण त्यांना उष्माघात प्रथिनं म्हणतो, आणि ती जिवाणूपासून माणसापर्यंत सर्वांत आहेत. 25 अंशांवर वाढलेली माशी 37 अंशांत नेली की काही मिनिटांत 87ए आणि 87सी या जागा फुगतात; तिथे एचएसपी70 या प्रथिनाची जनुकं आहेत. 93डी हा पफ मात्र वेगळा निघाला. बेंझामाइड हे रसायन दिलं तर उष्णतेच्या इतर पफांना न हलवता एकटा तोच उठतो, हे सुभाष लाखोटिया आणि ए. एस. मुखर्जी यांनी 1970 मध्ये दाखवलं. लाखोटियांनी पुढे बनारस हिंदू विद्यापीठात या एका जागेचा दशकानुदशकं माग काढला, आणि तिथून निघणारा आरएनए प्रथिन घडवण्यासाठी नसतोच हे स्पष्ट होत गेलं. ‘निरर्थक’ आरएनएकडे जग वळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आता 87ए आणि 87सीकडे जवळून पाहू. कार्ल वू यांनी 1980 मध्ये दाखवलं की उष्णता देण्याआधीच या जनुकांची सुरुवातीची जागा डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमला सहज सापडते, म्हणजे तिथे न्यूक्लिओसोमचा अडसर आधीच बाजूला आहे. डेव्हिड गिल्मर आणि जॉन लिस यांना 1986 मध्ये त्याहून विलक्षण गोष्ट सापडली: जनुक शांत असताना पॉलिमरेज तिथे येऊन, दोन-तीन डझन अक्षरं पुढे जाऊन, अडून बसलेली असते. पफ अजून उठलेला नाही, पण दार उघडं आहे आणि वाचणारा आत शिरून थांबला आहे. मग उष्णता लागते. स्टीव्हन पेटेश आणि लिस यांनी 2008 मध्ये मोजलं तेव्हा जनुकाच्या संपूर्ण लांबीवरचे आणि त्याही पलीकडचे न्यूक्लिओसोम अवघ्या तीस सेकंदांत विस्कळीत होऊ लागलेले दिसले, पॉलिमरेज तितकं अंतर कापू शकण्याच्या आतच. पॉलिमरेजला पुढे सरकू न देणारं औषध दिलं तरीही हे घडलं. ते थांबलं केव्हा, तर पार्प हे एन्झाइम कमी केल्यावर. आणि पार्पविषयी अलेक्सेई तुलिन आणि अॅलन स्प्रॅडलिंग यांनी 2003 मध्येच महाकाय गुणसूत्रांवर दाखवलं होतं की ते नसेल तर उष्णतेचे पफ उठत नाहीत आणि एचएसपी70ही पुरेसं तयार होत नाही. सैल करणारं यंत्र वेगळं, वाचणारं यंत्र वेगळं, आणि पहिलं मोडलं तर दुसरं लंगडतं.

उलट बाजूचा पुरावा कॅनडातून 1996 मध्ये आला. सोडियम सॅलिसिलेट दिल्यावर उष्णतेचे पफ उठले, उष्णतेला प्रतिसाद देणारा नियामक एचएसएफ जागेवर बसला, पण एचएसपी70चं प्रतिलेखन झालंच नाही. पफ आहे, वाचन नाही. यावर कोणी म्हणेल की सॅलिसिलेटमुळे पेशीची ऊर्जाच खाली जाते. मग हा पफ म्हणजे घायकुतीला आलेल्या पेशीचं लक्षण असेल. हा आक्षेप एकट्या त्या प्रयोगाला लागू होतो. पण पेटेश आणि लिस यांच्या प्रयोगात ऊर्जेला धक्का न लावता वाचन थांबवलं होतं, आणि सैलावणं तसंच झालं. दोन वेगळ्या वाटांनी तेच दिसतं तेव्हा मला ते मान्य करावंसं वाटतं.

यापेक्षा अवघड आक्षेप दुसरा आहे. लिस यांच्याच प्रयोगशाळेने 1985 मध्ये एचएसपी70चा उष्णतेला जागा होणारा आरंभबिंदू घेऊन त्याच्या पुढे वेगवेगळ्या लांबीचा डीएनए जोडला आणि असे तुकडे गुणसूत्रावर नव्या जागी बसवले. उष्णता दिल्यावर त्या नव्या जागी पफ उठले, पण त्यांचा आकार प्रत किती लांब निघते यावर ठरला. प्रत लहान, तर पफ इवलासा. शिवाय अॅक्टिनोमायसिन डी देऊन आरएनए बनणं रोखलं तर पफ उठत नाहीत किंवा मावळतात, हे साठच्या दशकापासून माहीत होतं. मग पफ हे वाचनाचंच फळ नाही का? अॅक्टिनोमायसिनचा पुरावा मला फारसा पटत नाही, कारण ते औषध डीएनएच्या पायऱ्यांच्या मधे शिरून बसतं. त्याने केवळ वाचन थांबलं आणि धाग्याची घडण तशीच राहिली असं म्हणता येत नाही. 1985चा निष्कर्ष मात्र खरा आहे आणि तो पचवायलाच हवा. मी त्याचा अर्थ असा लावतो: पफ ही एकच घटना नसून त्यात दोन थर आहेत. पहिला थर न्यूक्लिओसोमची पकड सुटण्याचा, सेकंदांचा, पार्प आणि एचएसएफच्या भरवशावरचा. दुसरा थर, जो सूक्ष्मदर्शकाखाली खरा डोळ्यात भरतो, तो धावणाऱ्या पॉलिमरेजांचा, लोंबणाऱ्या आरएनएचा आणि त्यावर गोळा होणाऱ्या प्रथिनांचा. आकार दुसऱ्या थराने ठरतो, सुरुवात पहिल्याने. डोळ्यांना आकारच दिसतो, म्हणून पन्नास वर्षं पफ म्हणजे वाचन असं समजलं गेलं.

यालाच जोडून असंही विचारता येईल की असंख्य जनुकं पफ न उठताच वाचली जातात. मग उलगडण्याला इतकं महत्त्व का? याचं उत्तर फिकट आंतरपट्ट्यांत आहे. नोव्होसिबिर्स्कच्या इगोर झिमुल्योव्ह यांच्या गटाने दाखवलं की पेशीला रोज लागणाऱ्या जनुकांचे आरंभबिंदू बहुतेक आंतरपट्ट्यांत पडतात. तिथे धागा कायमचाच मोकळा आहे, म्हणून वेगळं फुगण्याची गरज नाही. आणि सगळ्यात मोठं उदाहरण तर एक अख्खं गुणसूत्र आहे. मादीला दोन एक्स, नराला एक. तरी नराच्या एका एक्सवरून मादीच्या दोघांइतकं उत्पादन निघतं. बेअरमान यांच्यासोबत काम केलेल्या ए. एस. मुखर्जी यांनी 1965 मध्ये लाळग्रंथीच्या गुणसूत्रांवरच किरणोत्सारी युरिडिनचे ठिपके मोजून हे सिद्ध केलं: नराचा एक्स दुप्पट वेगाने वाचला जातो. तो एक्स एकटा असूनही शेजारच्या जोडीदार गुणसूत्रांच्या मानाने रुंद आणि फिकट दिसतो हे त्याआधीही लक्षात आलं होतं. ब्रायन टर्नर यांनी 1992 मध्ये त्याचं रासायनिक कारण दाखवलं: हिस्टोन एच4च्या सोळाव्या स्थानावरच्या लायसिनवर असिटिल गट चिकटवलेला असतो, आणि तो जवळजवळ केवळ नराच्या एक्सवर. हा गट धाग्यांची एकमेकांवरची पकड ढिली करतो. आता याच्या विरुद्ध बाजूचं यंत्र पाहा. आयएसडब्ल्यूआय हे एन्झाइम न्यूक्लिओसोम सरकवून नीट अंतरावर मांडतं. 2000 साली दिसलं की ते नसलेल्या माशीत नराचा एक्स आखूड, जाड, सुजल्यासारखा होतो आणि त्याचे पट्टे ओळखू येत नाहीत. मादीच्या एक्सना तितकं काही होत नाही. शिवाय निरोगी गुणसूत्रावर आयएसडब्ल्यूआय जिथे बसलेलं असतं तिथे पॉलिमरेज सहसा सापडत नाही. म्हणजे हे सैलावणं वाचन वाढल्यामुळे झालं म्हणणं कठीण. मांडणी राखणारं प्रथिन काढलं, म्हणून मांडणी कोसळली.

या आयएसडब्ल्यूआय कुटुंबातली यंत्रं न्यूक्लिओसोम नेमके कसे सरकवतात हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या गीता नारळीकर यांच्या कामाचा विषय आहे. जयंत आणि मंगला नारळीकरांची ही कन्या. त्यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवलं की एचपी1 हे घट्ट क्रोमॅटिन बांधणारं प्रथिन तेलाचे थेंब पाण्यातून वेगळे व्हावेत तसं वेगळं होऊन गोळा होऊ शकतं, आणि त्याच वेळी दुसऱ्या गटाने ड्रोसोफिलाच्या एचपी1विषयीही तसंच सांगितलं. या एचपी1चा शोध महाकाय गुणसूत्रांवरचाच: सॅरा एल्गिन यांच्या प्रयोगशाळेने 1986 मध्ये प्रतिपिंडं वापरून पाहिलं, तेव्हा हे प्रथिन सगळ्या गुणसूत्रांच्या जोडमध्याशी, क्रोमोसेंटरमध्ये, एकवटलेलं दिसलं. त्याआधी 1930 मध्ये हर्मान मुलर यांनी क्ष-किरणांनी अशा माश्या मिळवल्या होत्या ज्यांच्या डोळ्यांत लाल आणि पांढरे चट्टे होते. डोळ्याच्या लाल रंगाला लागणारं जनुक शाबूत होतं, केवळ गुणसूत्राची उलटापालट होऊन ते घट्ट भागाच्या शेजारी गेलं होतं. काही पेशींत ती घट्ट बांधणी पसरत त्याच्यापर्यंत आली आणि ते गप्प झालं, काहींत आली नाही. अशा माश्यांच्या लाळग्रंथींत एकाच जागेचे पट्टे काही केंद्रकांत नीट आणि काहींत गच्च आवळलेले दिसतात. अक्षर तेच, घडी वेगळी, परिणाम वेगळा. उलगडणं वाचनाचं केवळ उप-फळ असतं तर हे चट्टे पडलेच नसते.

शेवटी सगळ्यात जुना आणि सगळ्यात रास्त आक्षेप. हजार प्रतींची जुडी, कधीच न विभागणाऱ्या, कायापालटात मरून जाणाऱ्या ग्रंथीतली. इथे जे दिसतं ते तुमच्या-आमच्या साध्या पेशींना लागू पडतं कशावरून? तेही रंगवून, दाबून, मारून पाहिलेलं. दाबण्याच्या शंकेला कॉर्नेल विद्यापीठात 2006 मध्ये उत्तर मिळालं: जिवंत, अखंड लाळग्रंथीत लेझरच्या सूक्ष्मदर्शकाने एचएसएफ 87ए आणि 87सीवर गोळा होताना पाहता आलं. पेटेश आणि लिस यांचे तीस सेकंद तर महाकाय गुणसूत्रांवर मोजलेलेच नव्हते. ते ड्रोसोफिलाच्या साध्या, विभागणाऱ्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतले होते. उरला प्रश्न पट्ट्यांचा. काइल ईगन, टॉम हार्टल आणि न्यूक्लिओसोमची कल्पना 1974 मध्ये मांडणारे रॉजर कॉर्नबर्ग यांनी 2015 मध्ये गुणसूत्राचा कोणता भाग कोणत्या भागाजवळ राहतो हे मोजण्याची आधुनिक पद्धत लाळग्रंथींवर वापरली. डीएनएचे जे लहान लहान प्रदेश स्वतःतल्या स्वतःत घट्ट राहतात आणि शेजाऱ्यापासून अलग असतात, ते ब्रिजेसच्या पट्ट्यांशी जुळले; आणि तेच प्रदेश, त्याच सीमांसह, साध्या पेशींतही आढळले. पट्टे महाकाय गुणसूत्राने निर्माण केलेले नव्हते. ते प्रत्येक पेशीत आधीपासून होते, हजार प्रतींनी ते नुसते मोठे करून दाखवले. म्हणून माशीच्या अळीची लाळग्रंथी अपवाद आहे खरी, पण ती अपवाद आहे दिसण्याच्या बाबतीत. तिथला धागा, हिस्टोन, पार्प, अडून बसलेली पॉलिमरेज यांपैकी काहीच वेगळं नाही. अडून बसणारी पॉलिमरेज तर 2007 पासून माशीच्या हजारो जनुकांवर, आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींतही, सर्रास आढळली आहे. वाचण्याआधी दार उघडून ठेवायचं, वाचणारा आत आणून बसवायचा आणि इशारा मिळाल्यावर पुढचा सगळा पट मोकळा करायचा, हा क्रम एका ग्रंथीपुरता नाही. त्या प्रत्येक टप्प्याला वेगळी प्रथिनं आहेत, म्हणून प्रत्येक टप्पा वेगळा बिघडू शकतो. आणि जी बिघाडाची जागा असते ती औषधाचीही जागा होऊ शकते. पार्पला रोखणारी औषधं आज अंडाशयाच्या आणि स्तनाच्या काही कर्करोगांवर दिली जातात. ती डीएनएची दुरुस्ती अडवण्यासाठी म्हणून तयार झाली, पण तेच एन्झाइम 87ए आणि 87सीवर क्रोमॅटिनही सैल करतं, तेव्हा त्या औषधांचा विचार करताना जनुकांच्या उलगडण्याचा विचार बाजूला ठेवता येणार नाही.